मैलाच्या दगडाला बांधलेलं लाल फडकं

मी लिहावं असं माझ्याजवळ फारसं काही नाही, आणि जे आहे ते लिहायचा अधिकार मला आहे की नाही, याची मला अजून खात्री वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. घरात लिहिलेला कागद म्हणजे सातबारा, लग्नपत्रिका आणि मामाचं वर्षातून एकदा येणारं पोस्टकार्ड. त्यामुळे लेख लिहायला बसलो की आपण दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलो आहोत, खरा माणूस आता येईल आणि आपल्याला उठवील, असं वाटत राहतं. वाचकांनी सांभाळून घ्यावं. आणखी एका गोष्टीची माफी आधीच मागून ठेवतो. मी यवतमाळ जिल्ह्याचा, कापूस पेरणाऱ्या घरचा आहे, आणि तरी हा लेख एका जपानी व्हिडिओ गेमबद्दल आहे. या दुसऱ्या माफीत मात्र माझा जीव नाही. ती नुसती रीत म्हणून मागितली.

मी आता अमरावतीला एम.ए. करतो. गेल्या आठवड्यात गावी गेलो तेव्हा कळंबच्या अलीकडे एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना पांढरं दिसायला लागलं. वेचणी सुरू झाली होती. बायका पाठीशी ओटी बांधून ओळींमधून वाकून चालल्या होत्या. माझी बोटं आपोआप मिटली. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडांत कशी रुततात ते बोटांना माझ्यापेक्षा जास्त लक्षात आहे. पण खरं सांगायचं तर वेचणीचा हंगाम आला की मला पहिल्यांदा शेत आठवत नाही. कळंबच्या स्टँडसमोरचं सलीमभाईचं दुकान आठवतं.

सलीमभाई टीव्ही दुरुस्त करतात. दुकानात शिरलं की तारा जोडायच्या तापलेल्या कथलाचा वास यायचा आणि पोट उघडे टाकलेले टीव्ही रांगेनं मांडलेले दिसायचे. त्यातले दोन मात्र धड होते. त्यांना त्यांनी गेमची मशीनं जोडली होती. बसला वेळ असला की माणसं तिथे येऊन बसायची. कॉलेजची मुलं, ऑटोवाले, बाजाराला आलेले शेतकरीसुद्धा. हंगामात समोरच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जायच्या आणि तंतू उडत दुकानात यायचे. चालू टीव्हीच्या काचेला हात नेला की केस उभे राहतात ना, तशी ती काच कापूस ओढून घ्यायची. संध्याकाळपर्यंत पडद्यावर लव उगवायची. गेममध्ये बर्फ पडायला लागला की त्यातला बर्फ कोणता आणि कापूस कोणता, ते कळायचं नाही. सलीमभाई फडक्यानं काच पुसत म्हणायचे, "जपानात बी वेचणी चालू हाय, पाह्य."

त्या गेमचं खरं नाव आम्हाला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. सीड्या नक्कल केलेल्या, वर सगळी जपानी अक्षरं. सुरुवातीलाच एक किल्ला दिसतो म्हणून सगळं कळंब त्याला 'किल्ला' म्हणायचं. किल्ला एक, किल्ला दोन, किल्ला तीन, अशी ती मालिका वाढत गेली. पहिला भाग माझ्या जन्माच्याही आधीचा. तो सीडीवर नव्हता, जुन्या मशीनमध्ये खुपसायच्या जाड कॅसेटमध्ये होता. त्यातला नायक म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे रंगीत चौकोन. अक्षरं कोणालाच वाचता यायची नाहीत. आम्ही ती आकारावरून ओळखायचो. विळ्यासारखं दाबलं की खेळ जपून ठेवला जातो, बैलाच्या शिंगांसारखं दाबलं की पिशवी उघडते. भारनियमनाची वेळ जवळ आली की सलीमभाई मागून ओरडायचे, "विळा दाब बे, विळा दाब! लाइन चालली!"

किल्ल्याचा नायक गोरा, वाळल्या कडब्यासारख्या रंगाच्या केसांचा, निळ्या डोळ्यांचा. अंगभर लोखंडी चिलखत, डोक्यावर जाळीचं शिरस्त्राण, खाली मोठा घोडा. मागे चर्चची घंटा वाजते. आम्ही सगळे त्याला 'इंग्रज' म्हणायचो. परदेश म्हणजे आमच्या लेखी एकच गाव होतं आणि तिथे सगळे इंग्रज राहत होते. पण हा इंग्रज एक विचित्र गोष्ट करायचा. कोणाच्या घरात शिरताना तो दाराशी लोखंडी बूट काढायचा आणि टोकं बाहेरच्या बाजूला करून ते नीट मांडून ठेवायचा. म्हाताऱ्या माणसासमोर कमरेतून वाकायचा. भिंतीवर सांबराची शिंगं लावलेल्या दगडी महालात बसून लाकडी वाडग्यातला भात दोन काड्यांनी खायचा. किल्ला एकमधला राक्षस पंखांचा होता, आग ओकायचा. किल्ला तीनपर्यंत त्याचे पंख गळले, तो सापासारखा लांब झाला, त्याला मिशा आल्या आणि तो ढगात राहायला गेला. लढाई लागली की सुरुवातीला चर्चमधला मोठा बाजा वाजायचा आणि मग मध्येच कुठून तरी बासरी यायची. ती बासरी आमच्या गुराख्यांच्या बासरीच्या इतकी जवळची होती की पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं होतं.

यवतमाळच्या कॉलेजात आल्यावर ग्रंथालयात मला चित्रांचे जाड ग्रंथ सापडले. एकात युरोपचे किल्ले होते, दुसऱ्यात जपानची देवळं. मी अर्थशास्त्राच्या वहीच्या मागच्या बाजूनं दोन रकाने आखले. चिलखत, घंटा, पंखांचा राक्षस डाव्या रकान्यात. बूट काढणं, वाकणं, मिशांचा राक्षस, झाडावरून गळणाऱ्या गुलाबी पाकळ्या उजव्या रकान्यात. आपण काही तरी शोधून काढत आहोत असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पण काही गोष्टी कुठेच बसेनात. लोखंडी बूट दाराशी नीट मांडणं, हे कोणाचं? लोखंडी बूट त्यांचे, मांडणं ह्यांचं. ती पूर्ण गोष्ट या दोघांपैकी कोणाच्याच देशात नव्हती. ती फक्त त्या गेममध्ये होती. मी तिसरा रकाना आखला, आणि बघता बघता तोच सगळ्यांत लांब झाला.

तिसऱ्या रकान्यात पहिला होता तो दगड.

किल्ला दोनमध्ये माळावरची वाट जिथे शेतात शिरते तिथे गुडघ्याएवढा एक दगड होता. कोपरे झिजलेले, अंगावर काही कोरलेलं आणि मधोमध गुंडाळलेलं लाल फडकं. त्याच्यासमोर उभं राहून गोल बटण दाबलं की नायक शिरस्त्राण काढून वाकायचा, खाली अक्षरांची एक ओळ यायची आणि जायची. बस्स. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लाल फडक्यातला दगड! आम्हाला कोणी काही सांगायची गरजच पडली नाही.

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही करतात. घरची बाई धुऱ्यावर पाच खडे मांडते, हळदकुंकू वाहते, दहीभात ठेवते आणि त्यातला थोडा पऱ्हाटीवर शिंपडते. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. सीतादही झाल्याशिवाय पहिलं बोंड तोडायचं नाही. आई ती करत असताना मी लहानपणी दहीभाताकडे डोळे लावून बसलेला असायचो. तर सलीमभाईच्या दुकानात नियम पडला की दगडापुढे वाकल्याशिवाय किल्ला दोनमध्ये कोणी पहिला वार करायचा नाही. त्यासाठी उलटं चालत जावं लागायचं, वेळ जायचा, जखमा व्हायच्या. पण नियम म्हणजे नियम. नवीन माणूस खुर्चीवर बसला आणि घाईघाईनं तलवार काढली की सलीमभाई हातातलं काम थांबवायचे.

"ओ भाऊ, सीतादही केली काय? आधी दगडापाशी जाय. मंग कर काय मारामारी कराची ते."

काही जण तर त्या दृश्यात खुर्चीखाली चपला काढून ठेवायचे. दगडाला वाकलं की पुढचा राक्षस मऊ पडतो, अशी आमची सगळ्यांची खात्री होती. मी स्वतः ती अनेकांना पटवून दिली आहे.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा, वेचणीच्या सुरुवातीला, नागपूरहून कोणी तरी किल्ला दोनची इंग्रजी सीडी आणली. मला थोडंफार इंग्रजी येत होतं, म्हणून खुर्चीवर मला बसवलं. मागे सात-आठ जण उभे. मी नेमानं दगडापाशी गेलो, बटण दाबलं, नायक वाकला, ओळ आली. मी ती वाचली, पुन्हा एकदा वाचली.

"काय म्हणून राह्यला देव?" सलीमभाईंनी विचारलं.

"किल्ला नऊ मैल, म्हणते."

"म्हंजे?"

"म्हंजे मैलाचा दगड आहे, भाई. रस्त्याचा."

 मग दारातला एक ऑटोवाला म्हणाला, "म्हंजे इतके वर्सं आपण मैलाच्या दगडाले दहीभात चारून राह्यलो होतो?" आणि दुकान जे हसलं ते थांबेचना. हातातला चहा सांडला. सलीमभाई डोळे पुसत म्हणाले, "अबे, त्यात हसाचं काय हाय? आपल्या यवतमाळ रोडवर जाऊन पाह्य. दगडाले शेंदूर लावेल हाय, अन् शेंदराखाली किती किलोमीटर राह्यले ते लिहेल हाय."

मीही हसलो. पण बसमध्ये बसल्यावर वाटेतले ते शेंदूर लावलेले दगड एकामागून एक जात राहिले आणि एक प्रश्न मला सोडेना. तो मैलाचाच दगड होता, तर त्याला फडकं कोणी बांधलं?

युरोपच्या ग्रंथात मैलाचे दगड होते. सगळे उघडे. जपानच्या ग्रंथात वाटेकडेच्या लहान दगडी मूर्ती होत्या, वाटसरूंना आणि लेकरांना सांभाळणाऱ्या. त्यांच्या गळ्यात लाल फडकी. मग मला ते दिसायला लागलं. जपानमध्ये एका टेबलापाशी कोणी तरी बसलं आहे. त्याला परक्या देशाच्या किल्ल्याकडे जाणारी वाट काढायची आहे. चित्रात बघून बघून तो मैलाचा दगड काढतो, अगदी हुबेहूब, कोरलेल्या आकड्यासकट. काम झालेलं आहे. पण वाटेवर एकटा उभा असलेला उघडा दगड त्याला बघवत नाही. त्याच्या आईनं, आजीनं असा दगड कधी उघडा ठेवलेला नाही. त्याचा हात पुढे होतो आणि फडकं बांधतो. आम्ही कळंबमध्ये जी चूक केली तीच त्यानं आमच्या आधी केली होती. आणि दोन इतक्या लांबच्या ठिकाणची माणसं एकमेकांना न विचारता एकच चूक करत असतील, तर तिला चूक म्हणायला मी तयार नाही.

हे खरंच असं घडलं का? मला माहीत नाही. मी नागपूरच्या पुढे गेलेलो नाही. पण मला जे दिसलं ते मी सांगतो आहे.

त्याच आठवड्यात सलीमभाईंकडे पुढचे दोन भाग एकदमच आले आणि माझं म्हणणं मला अधिकच पटलं. किल्ला चार जपानचाच होता, पण आता तो जगभर खपवायचा होता असं दिसत होतं. नायकाचे दंड फुगले, आवाज घोगरा झाला, रक्त उडायला लागलं. तो कोणाच्याही घरात बुटांसकट शिरायचा. वाकणं गेलं. बासरी गेली. धुऱ्यावरचा दगड होता, पण उघडा. किल्ला पाच तर जपानबाहेरच्या लोकांनी बनवला होता. त्यांनी मात्र सगळं परत आणलं, दसपट करून. पाकळ्या इतक्या की गुहेतसुद्धा गळायच्या. जिकडे तिकडे कागदी कंदील. प्रत्येक म्हातारा डोळे मिटून कोड्यात बोलायचा. आणि लाल फडक्याचे दगड तर पावलोपावली. त्यांच्यापुढे वाकायची सोयच नव्हती. तलवार मारली की दगड फुटायचा आणि आतून औषध निघायचं.

पहिला दगड फुटला तेव्हा सलीमभाईंनी मशीन बंद केलं. म्हणाले, "चौथ्यात हे लोक लाजले, अन् पाचव्यात त्या लोकायनं तमाशा केला. जा, घरी जा सगळे."

माझा सगळा लेख त्या एका वाक्यातून आला. माणूस परक्याचं घेतो, त्यात वाईट काही नाही. चिलखत घ्यावं, घोडा घ्यावा, घंटा घ्यावी. ते घेताना आपला हात आपल्या सवयीनं फडकं बांधतो तोवर सगळं ठीक असतं. परका काय म्हणेल या भीतीनं आपण फडकं सोडलं की ती लाज. आणि परक्याला काय आवडतं ते बघून गावभर फडकी बांधत सुटलं की तो तमाशा. किल्ला एक ते तीन लाज आणि तमाशा या दोन्हींच्या मध्ये होते, आपला हात आपल्या सवयीनं चालवत. मी पंधरा पानं लिहिली. आयुष्यातला पहिला लेख. तो कॉलेजच्या वार्षिकांकासाठी पाठक मॅडमकडे दिला.

पाठक मॅडम आम्हाला मराठी शिकवायच्या. यवतमाळच्या जुन्या नोकरदार घरातल्या. त्यांच्याकडे तीन पिढ्या शिक्षक आणि वकील. वार्षिकांकाच्या त्या संपादक होत्या. ते दिवस असे होते की आमच्या जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर असायचं. दिल्ली-मुंबईच्या गाड्या यायच्या, समित्या यायच्या, पॅकेज नावाचा शब्द शाळकरी पोरांनाही पाठ झाला होता. त्या वर्षीचा अंक कापसावर काढायचं ठरलं होतं. चार दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं.

"गजानन, बस. लेख चांगला आहे. पण हा तुझा लेख नाही."

"मॅडम, मीच लिहिला आहे. कोणाचा उतरवला नाही."

"तसं म्हणत नाही मी. अरे, लोक कुठून कुठून इथे येतायत लिहायला. तू तर इथलाच. तुझ्या घरात जे आहे ते त्यांच्याजवळ नाही. आणि तू जपानवर लिहितोस?"

"माझ्याजवळ हेही आहे, मॅडम."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं ते मला कळलं नाही. वर्गात मी हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही अडखळायचो. मॅडमनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"आईवर लिही," त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत वेळ देते. ते लिहिलंस तर अंकात पहिलं पान तुझं."

पहिलं पान. आमच्या घरातलं कोणाचंही नाव तोपर्यंत कुठेच छापून आलेलं नव्हतं. मी त्या संध्याकाळी घरी आलो आणि लिहायला बसलो. दोन पानं भरभर झाली. पायाच्या भेगा, खोल गेलेले डोळे, विटलेलं लुगडं, आभाळाकडे लागलेली नजर. मग ती दोन पानं वाचून काढली. त्यातली बाई मला ओळखू येईना. माझी आई आभाळाकडे पाहते ती कपडे आत घ्यायचे का ते ठरवायला. ती मोठ्यानं हसते, भांडते, शेजारणींच्या नकला करते. त्या दोन पानांत ती एकदाही बोलली नव्हती. मीच किल्ला पाच बनवला होता, आईला जागोजागी फडकी बांधून.

पानं फाडली, पण मन ठरेना. पहिलं पान डोळ्यांपुढून जाईना.

रविवारी वेचायला गेलो. आई, शेजारची मंदाकाकू आणि मी, तीन ओळींत. मंदाकाकू सांगत होती की तिच्या नवऱ्यानं चष्मा डोक्यावर चढवून घरभर चष्मा शोधला. आई हसत होती, हात चालत होते. तेवढ्यात धुऱ्यापाशी एक गाडी थांबली. कॅमेरावाला आणि माईक धरलेला एक तरुण, दोघं शेतात आले. तरुण नम्र होता. त्यानं नमस्कार केला, विचारून चित्रण सुरू केलं. मंदाकाकूनं तोंड फिरवून पुन्हा तो चष्म्याचा अभिनय केला आणि आईला हसू आवरेना.

"मावशी," तो म्हणाला, "जरा इकडे बघा. आणि हसू नका."

"काहून?"

"नाही, म्हणजे... दुःखाची बातमी आहे ना."

आईनं ओटीतला कापूस सारखा केला. "दुःख आहे तं ते माह्यं आहे, बावा. ते कोनाले कवा दाखवाचं ते मी ठरवीन. आता मले हसू येऊन राह्यलं. घ्याचं असन तं हे घे, नाही तं पानी पिऊन जाय."

ते पाणी पिऊन गेले. तो तरुण जाताना थोडा ओशाळला होता. मला त्याचा राग आला नाही. मला माझ्या फाडलेल्या दोन पानांची लाज वाटत होती.

दुपारी भाकरी खाताना आईनं विचारलं, "तू काहून तोंड पाडून बसला? कालपासून पाहून राह्यली मी."

मी सांगितलं. वार्षिकांक, पहिलं पान, सगळं.

"तुह्या मॅडमले काय पाहिजे मंग?"

"तू पाहिजे. तुह्यावर लिवाले सांगतलं."

"माह्यावर!" तिला पुन्हा हसू फुटलं. "मंग त्याइले म्हना, या वेचाले. माह्यासंगं एक ओळ वेचून पाहा, मंग लिहा तुमीच." मग थांबून तिनं विचारलं, "अन् तुले काय लिवाचं आहे?"

"दगडाचं."

तिला तो दगड माहीत होता. मैलाच्या दगडाची गोष्ट मी घरी सांगितली होती तेव्हा ती म्हणाली होती की बरं झालं वाकले, वाकल्यानं कंबर मोडत नाही.

"मंग दगडाचं लिव," ती म्हणाली आणि कांदा फोडला.

सोमवारी मी तोच लेख पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून मॅडमच्या टेबलावर ठेवला. एक शब्दही बदलला नव्हता. आणि उभ्यानंच बोललो. शेतात गाडी आली होती ते सांगितलं, आई काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगितलं. "मॅडम, आमच्याकडचं दुःख मला माहीत आहे. पण तेवढंच लिहायची परवानगी असेल तर मला नाही लिहायचं. मला जगातल्या कोणत्याही गोष्टीवर लिहायचं आहे. इतर मुलं लिहितात तसं."

मॅडमनी पानांचे कोपरे जुळवले. मग एवढंच म्हणाल्या, "ठेव इथे. तिघांची समिती आहे. ती ठरवेल."

दुसरी वेचणी झाली. तिसरी झाली. शेतात शेवटची चार बोंडं राहिली तेव्हा अंक आला. मुखपृष्ठावर पांढरं शेत आणि मान खाली घातलेली बाई. मी अनुक्रमणिका तीनदा वाचली. माझं नाव नव्हतं. अंक चाळला. इतक्या पानांत एकही माणूस हसत नव्हता. मी कोणाला काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून व्हरांड्यात पाठक मॅडम समोर आल्या तर मी नोटीस बोर्ड वाचायला लागायचो. निकाल लागून कॉलेज सुटलं तरी मी त्यांना भेटलो नाही. त्यांनीही कधी काही सांगितलं नाही. मनातल्या मनात मी त्यांच्याशी रोज भांडत होतो आणि दर वेळी जिंकत होतो.

सलीमभाईंना कळलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "दे इकडं ते कागद. मी छापतो."

त्यांनी खळ शिजवली आणि माझ्याजवळच्या पहिल्या प्रतीची पंधराही पानं दुकानाच्या भिंतीवर ओळीनं चिकटवली, कॅलेंडरपासून दारापर्यंत. वाट पाहणारे लोक चालत चालत वाचायचे. काहींनी शिसपेन्सिलीनं समासात लिहायला सुरुवात केली. 'पहिल्या भागात घोडा पांढरा नाही, भुरा आहे.' 'बासरीचं बरोबर आहे.' 'पान सहा पटलं नाही, येऊन बोला.' एकानं लिहिलं होतं, 'आमच्या मुकुटबनलाही असा एक दगड आहे, कोणी येईल तर दाखवतो.' इतक्या काळजीनं मला पुन्हा कोणी वाचेल असं वाटत नाही. घोड्याची चूक मी दुरुस्त केली आहे. बाकी लेखावर मी ठाम होतो आणि आहे. आमच्या मुलखातल्या माणसाला फक्त त्याच्या जखमेबद्दलच विचारायचं, हे मला मान्य नाही. तो शेजारच्या चष्म्याला हसू शकतो आणि जपानच्या दगडावर विचार करू शकतो. त्यासाठी त्यानं आधी रडून दाखवायची गरज नाही.

हे सगळं मी असंच, थोड्या रागात, थोड्या अभिमानात संपवणार होतो. पण परवा गावाहून परत आलो तर होस्टेलच्या खिडकीत माझ्या नावाचं जाड पाकीट होतं. पाठवणारं यवतमाळच्या कॉलेजच्या मराठी विभागाचं कार्यालय. आत माझी पंधरा पानं होती, मॅडमच्या टेबलावर ठेवलेली ती प्रत, आणि कारकुनाची चिठ्ठी. पाठक मॅडम निवृत्त झाल्या, कपाट रिकामं करताना हे सापडलं, मूळ लेखकाला परत पाठवावं असं त्यांनी सांगितलं आहे.

शेवटच्या पानाच्या मागे समितीचे शेरे होते. तिघांचे, तीन अक्षरांत, खाली सह्या. मी ते खिडकीपाशी उभ्यानंच वाचले. पहिला: 'भाषा बरी. विषय आपल्या जिल्ह्याचा नाही. घेऊ नये.' दुसरा: 'वरीलशी सहमत. घेऊ नये.' तिसऱ्याखाली पाठक मॅडमची सही होती.

'आहे तसा घ्यावा, पहिल्या पानावर. मी त्याला दुसरं लिहायला सांगितलं होतं, ते माझं चुकलं.'